कॉलेजनं उचललेल्या मुली

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला ‘मुली आणि खेळ’ या विषयावर बोलायला सांगितलं आहे. विषय मोठा आहे आणि आपल्या चळवळीत त्याला जागा थोडीच मिळाली. हुंडा, मारहाण, पोटगी, रेशन, दारू यांतून खेळाकडे बघायला आपल्याला सवड झाली नाही, हेही खरं. मी सगळ्या विषयाला हात घालणार नाही. दहावीचा निकाल लागल्यापासून अकरावीचे प्रवेश होईपर्यंतचे जे थोडे आठवडे असतात, तेवढ्याबद्दलच बोलणार आहे. कारण चांगली खेळणाऱ्या मुलीचं पुढचं बरंच काही त्या आठवड्यांत ठरून जातं. आणि ठरवणाऱ्यांत ती बहुधा नसते.

आमच्या मैदानावर याला एक शब्द आहे. अमक्या पोरीला तमक्या कॉलेजनं ‘उचललं’. फार कौतुकानं म्हणतात. माझ्याबद्दलही म्हणाले होते, २००४ साली. मी साखर कारखान्याच्या शाळेत शिकले. आप्पा कारखान्याच्या काट्यावर कारकून होते. त्यामुळे ‘उचल’ हा शब्द मला वेगळ्या अर्थानं लहानपणापासून माहीत होता. मुकादम ऊसतोडणी कामगारांना हंगामाआधी जी रक्कम आगाऊ देतो, ती उचल. एकदा ती घेतली की नवरा-बायकोचा कोयता हंगामभर बांधला गेला. मूल आजारी पडो, बाई बाळंत होवो, फड सोडता येत नाही. या दोन शब्दांचा मेळ मला तेव्हा लागला नाही. तो पुढे लागला.

कारखान्यानं शाळेच्या मागे सिमेंटचं बास्केटबॉलचं कोर्ट बांधलं होतं. खरं तर अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी. ती मुलं शहरात शिकायला गेली आणि कोर्ट आम्हाला मोकळं मिळालं. तालुका, जिल्हा असं करत आमचा सतरा वर्षांखालील मुलींचा संघ विभागापर्यंत गेला. तिथे आम्ही हरलो. पण त्या सामन्यानंतर शहरातल्या एका कॉलेजचे क्रीडाशिक्षक आप्पांना शोधत आले. कॉलेजला एकोणीस वर्षांखालच्या संघासाठी उंच मुलगी हवी होती.

पुढच्या आठवड्यात ते घरीच आले. चहा झाला, पोहे झाले. फी माफ, होस्टेल फुकट, बूट कॉलेजचे, राज्य पातळीवर खेळली तर बारावीला सवलतीचे गुण, आणि पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहेच. आप्पांचा चेहरा उजळला होता. मी आतल्या खोलीच्या दारात उभी होते. सरांनी माझी उंची विचारली ती आप्पांना. वजन विचारलं तेही आप्पांना. एकूण तासभर बोलणं झालं, त्यात मला एकच प्रश्न आला : ‘काय, खेळणार ना?’ त्याला नाही म्हणायची सोय नव्हती. मला नाही म्हणायचंही नव्हतं, हे प्रामाणिकपणे सांगते. मला गावातून बाहेर पडायचं होतं. दोन वर्षांत लग्नाच्या गोष्टी सुरू होणार हे मला दिसत होतं, आणि बास्केटबॉल हीच एक एसटी त्या वाटेनं जात नव्हती.

आई तेवढ्यात एकदाच बोलली. कपबशा उचलता उचलता तिनं विचारलं, ‘होस्टेलच्या खोलीची कडी आतनं लागती का वो?’

सर हसले. आप्पाही हसले. मला आईची लाज वाटली. सातवी शिकलेली बाई, काय विचारावं हेसुद्धा कळत नाही, असं वाटलं. त्या तासाभरात विचारलेला तोच एक कामाचा प्रश्न होता, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

पहिली गोष्ट प्रवेशाच्या दिवशीच झाली. मला दहावीला ७४ टक्के होते आणि सायन्स घ्यायचं होतं. सर म्हणाले, सायन्सची प्रॅक्टिकल्स दुपारी असतात, आपला सराव चारला. आर्ट्स घे. अर्ज त्यांनीच भरला होता, मी सही केली. आजही मी वस्तीत खेळाडू मुलींना विचारते, अकरावीला काय घेतलंस? बहुतेकींचं उत्तर तेच. आर्ट्स वाईट असं मी म्हणत नाही. त्याच वाटेनं पुढे मी समाजकार्याची पदवी घेतली. पण मुलीचा अभ्यासक्रम सरावाच्या वेळापत्रकावरून ठरतो, आणि तो बदल ‘खेळाडू आहे ना’ एवढ्या वाक्यात उरकला जातो. मुलाच्या बाबतीत निदान घरात वाद तरी होतो.

दुसरी गोष्ट कागदांची. शाळा सोडल्याचा दाखला आणि गुणपत्रिका कॉलेजला द्याव्या लागतात, ते ठीक. माझी खेळाची मूळ प्रमाणपत्रंसुद्धा सरांच्या कपाटात गेली. ‘हरवशील’ म्हणाले. सगळ्या मुलींची तिथेच होती. दुसऱ्या कॉलेजात जायचं म्हटलं तर आधी कपाटाची किल्ली मागावी लागणार. कोण मागतंय?

कपड्यांचं सगळ्यांना माहीतच आहे. हाफपँटवरून आप्पांनी पहिल्याच महिन्यात पत्र पाठवलं, शेवटी गुडघ्यापर्यंतची ठरली. पाळीचं मात्र कुणी बोलतच नव्हतं. पोशाख पांढरा. सरावाला येणार नाही असं सरांना कसं सांगायचं? आम्ही ‘पोट दुखतंय’ म्हणायचो आणि सर मैदानाला चार फेऱ्या जास्त मारायला लावायचे. त्यांना कळत नव्हतं की कळत असूनही तसं करत होते, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

आता जे सांगते ते मी याआधी व्यासपीठावरून कधी सांगितलेलं नाही. आमच्यापेक्षा एक वर्षानं मोठी एक मुलगी संघात होती. आमच्यात सगळ्यांत चांगली खेळणारी. स्पर्धेला बाहेरगावी गेलो की सर तिला रात्री त्यांच्या खोलीवर बोलवायचे. कारण पायाला तेल लावून द्यायचं. कधी त्यांच्या, कधी तिच्या. आम्ही सात-आठ जणी एका हॉलमध्ये सतरंज्या टाकून झोपायचो. ती उठून जाताना आम्ही सगळ्या जाग्या असायचो आणि सगळ्या डोळे मिटून घ्यायचो. दिवाळीनंतर ती आली नाही. तिच्या घरी लग्न ठरलं असं आम्हाला सांगण्यात आलं. तिची जागा रिकामी झाली, आणि पहिल्या पाचांत मी आले.

मी बोलले नाही. मी सोळा वर्षांची होते, फी माफ होती, बूट कॉलेजचे होते. उचल घेतली होती, मैत्रिणींनो. तेव्हा विशाखा निकालाला सात वर्षं झाली होती, पण तो आमच्या मैदानापर्यंत पोचलेला नव्हता.

बारावीच्या वर्षी उडी मारून खाली येताना माझा गुडघा फिरला. आतला लिगामेंट तुटला. अशा उड्या मारण्याच्या आणि झटकन वळण्याच्या खेळांत तो तुटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा मुलींमध्ये दुपटी-तिपटीनं जास्त असतं. खाली येताना गुडघे कसे वाकवायचे याचे ठरावीक व्यायाम रोज करून घेतले तर ते बरंच कमीही होतं. ते आम्हाला कुणी शिकवलं नाही. दवाखान्याचा खर्च आप्पांनी सोसायटीचं कर्ज काढून केला. जानेवारीत होस्टेलची चिठ्ठी आली : सत्राचे पैसे भरावेत. सरांना विचारलं तर म्हणाले, ‘अगं, माफी खेळाडूंना असते.’ बरोबरच होतं. मी खेळाडू राहिले नव्हते. कुठे काही लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे भांडायलाही काही नव्हतं.

आता थोडं दूरचं सांगते, कारण मला त्यातून काही कळलं. अमेरिकेतही ‘ज्युनियर कॉलेज’ हाच शब्द आहे, पण ते बारावीनंतरचं दोन वर्षांचं कॉलेज. फी कमी, घराजवळ, नोकरी करून शिकणाऱ्यांना झेपेल असं. त्यांच्या क्रीडास्पर्धा घेणारी राष्ट्रीय संघटना १९३८ पासून आहे, मुलींचा विभाग मात्र १९७५ साली सुरू झाला. हा उशीर कशामुळे, आणि मग अचानक दार कसं उघडलं? १८९१ साली बास्केटबॉलचा शोध लागला आणि पुढच्याच वर्षी सेंडा बेरन्सन या शिक्षिकेनं स्मिथ कॉलेजमध्ये तो मुलींना शिकवला. म्हणजे आरंभापासून मुली हा खेळ खेळतायत. पण मुलींच्या नाजूक प्रकृतीला सोसणार नाही म्हणून मैदानाचे भाग पाडले आणि आपापली रेघ ओलांडायची नाही असा नियम केला. लक्ष्मणरेषाच. तीन मुली अर्ध्या मैदानात फक्त बचाव करणार, तीन दुसऱ्या अर्ध्यात फक्त चेंडू टाकणार. आयोवा राज्यातल्या शाळांमध्ये मुलींचा हा सहा-सहा जणींचा खेळ १९९३ पर्यंत चालू होता. गंमत म्हणजे तिथे तो तुफान लोकप्रिय होता आणि बंद झाला तेव्हा कित्येक बायकांना वाईटही वाटलं. रेघेच्या आतही बायका आपलं जग उभं करतात, हे आपल्याला काही नवं नाही.

१९७२ साली तिथे ‘टायटल नाइन’ नावाचा कायदा झाला. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत लिंगभेद चालणार नाही, एवढाच त्याचा गाभा. खेळाचा शब्दसुद्धा त्या मूळ वाक्यात नाही. पण मैदान, शिष्यवृत्ती, प्रशिक्षक यांत वाटा द्यायचा म्हटल्यावर शाळेत खेळणाऱ्या मुलींची संख्या तीन लाखांच्या आतून आज तीस लाखांच्या वर गेली.

शेरिल स्वूप्स या खेळाडूची गोष्ट मी मुलींना नेहमी सांगते. टेक्सासमधल्या ब्राउनफील्ड या छोट्या गावची काळी मुलगी, आईनं एकटीनं वाढवलेली. राज्यातल्या सगळ्यांत मोठ्या विद्यापीठानं तिला शिष्यवृत्ती देऊन नेलं. घरापासून शेकडो मैल. काही दिवसांतच ती घरच्या ओढीनं परत आली. आपल्याकडे अशा मुलीला काय म्हणाले असते? कॉलेजचा पैसा वाया घालवला, हिच्यात दम नाही, आता लग्न लावा. ती घराजवळच्या साउथ प्लेन्स नावाच्या ज्युनियर कॉलेजात गेली. दोन वर्षं तिथे खेळली, शिकली. मग जवळच्याच लबक शहरातल्या टेक्सास टेक विद्यापीठात गेली आणि १९९३ च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात तिनं एकटीनं ४७ गुण केले. पुढे ऑलिंपिकची सुवर्णपदकं मिळवली. १९९७ मध्ये बाळंतपणानंतर सहा आठवड्यांत ती व्यावसायिक सामन्यात उतरली. त्याचा आदर्श ठेवा असं मी बाळंतिणींना सांगणार नाही. मला या गोष्टीत भावतं ते तिचं परत येणं. ‘मला इथं नको’ म्हणून निघून आलेल्या मुलीला दुसरं दार उघडं होतं.

तिथे खेळण्यासाठी घेताना लेखी करार होतो. फी किती माफ, पुस्तकं कोणाची, राहणं-जेवण आहे की नाही, आणि हे एका शैक्षणिक वर्षापुरतं आहे, असं त्यात लिहिलेलं असतं. कागदानं सगळं सुटतं असं नाही. करार वर्षाचा म्हणजे पुढच्या वर्षी नकोही म्हणू शकतात. आणि त्याच देशात जिमनॅस्टिक्सच्या मुलींवर संघाच्या डॉक्टरनं वर्षानुवर्षं केलेले अत्याचार बाहेर यायला, त्याला शिक्षा व्हायला २०१८ साल उजाडलं. तरी कागद असला की विचारायला तोंड राहतं.

आपल्याकडे कायदे आता आहेत. २०१२ चा पॉक्सो आहे. अकरावीची मुलगी अठराच्या आत, म्हणजे तो लागू. माहिती असून कळवली नाही तर तो गुन्हा, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. हे बंधन आपल्यालाही आहे बरं का. मुलगी विश्वासानं सांगते आणि ‘कुणाला सांगू नका ताई’ म्हणते, तेव्हा आपली काय अवस्था होते यावर एक वेगळं सत्र घ्यायला हवं. २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा आहे. त्यात क्रीडासंस्था, स्टेडियम, स्पर्धेचं ठिकाण, निवासी असो वा नसो, हे सगळं कामाचं ठिकाण म्हणून शब्दांत लिहिलेलं आहे. आपण कार्यशाळांमध्ये कारखाना, ऑफिस, घरकाम सांगतो, मैदान सांगायचं विसरतो. २०२३ मध्ये कुस्तीगीर मुली जंतरमंतरवर बसल्या, तेव्हा सरकारनंच नेमलेल्या समितीला महासंघात नियमाप्रमाणे अंतर्गत समितीच नसल्याचं आढळलं. राष्ट्रीय पातळीवर ही तऱ्हा, तर जिल्ह्याच्या स्पर्धेत काय असेल?

एक छोटी गोष्ट सांगायची राहिली. मुंबईत नागपाडा हे बास्केटबॉलचं जुनं ठिकाण. भारताचे कप्तान झालेले अब्बास मुंतासिर तिथलेच. त्याच वस्तीतल्या नागपाडा नेबरहूड हाउसमध्ये क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९३६ साली समाजकार्याचं शिक्षण देणारी देशातली पहिली संस्था सुरू केली, आजची टाटा समाजविज्ञान संस्था. आम्ही एमएसडब्ल्यूला हा इतिहास पाठ केला. माझा व्यवसाय आणि माझा खेळ मुंबईत एकाच अंगणात वाढले, आणि वर्गात ‘समूहकार्य’ शिकताना मैदानाकडे मात्र कुणी बोट दाखवलं नाही.

आता आमच्या वस्तीतलं. गेल्या दोन-तीन वर्षांपासून निकाल लागला की आम्ही खेळाडू मुलींच्या घरी आधी जातो, सर पोचायच्या आत. आईला आणि मुलीला समोरासमोर बसवून बोलतो. काय विचारायचं ते त्यांच्याच तोंडून काढतो. फी माफी दोन वर्षांची की खेळेपर्यंतची? दुखापत झाली तर दवाखाना कोणाचा? बाहेरगावी संघाबरोबर बाई असते का, आणि ती मुलींच्या खोलीत झोपते का? शाखा कोण ठरवणार? एका आईनं विचारलं, ‘पोरीला सोडून यायचं झालं तर कागद परत देतील का?’ हे आम्हाला कुणालाच सुचलं नव्हतं.

यंदा एका घरकामगार बाईच्या मुलीला दोन कॉलेजांनी विचारलं. आम्ही पानभर अटी लिहून दिल्या. एका कॉलेजनं ‘असं कुणी लिहून देत नाही’ म्हणून फोनच बंद केला. दुसऱ्यांनी अर्ध्या पानावर चार ओळी लिहून दिल्या, शिक्का न मारता. दुखापतीचं नाव नाही. आमच्या बैठकीत ठरलं, पाठवायचं नाही. बराच वेळ हिरिरीनं चर्चा झाली. मग माझ्या लक्षात आलं, मुलगी बाहेर पायरीवर बसली होती. आम्ही पाच जणी आत बसून तिचं ठरवत होतो, अगदी आप्पांसारखं आणि सरांसारखं.

तिला आत बोलावलं. सगळं सांगितलं, माझ्या गुडघ्याचं आणि त्या मोठ्या मुलीचंही. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, ‘ताई, मला जायचंय. पण सायन्स घेऊन जाणार. आणि खेळाची सर्टिफिकिटं तुमच्याकडे ठेवा, त्यांना झेरॉक्स देते.’ आमच्यातल्या दोघींना ते पटलं नाही, अजून पटलेलं नाही. ती गेली.

ती दर रविवारी फोन करते. प्रॅक्टिकलच्या दिवशी सरावाला अर्धा तास उशिरा येते, त्यावरून बोलणी खाते. जिल्ह्याच्या सामन्यांत तिला अजून बाकावरच बसवलं आहे. ते सायन्समुळे की खेळामुळे, तिलाही सांगता येत नाही. स्पर्धेला बरोबर बाई येते, पण संध्याकाळी आपल्या घरी परत जाते. त्याबद्दल तिनं आणि संघातल्या आणखी दोघींनी मिळून प्राचार्यांना अर्ज दिला आहे, पोच घेतली आहे, उत्तर नाही.

मी तिला पहिल्याच फोनवर कडीचं विचारलं होतं. कडी होती, पण कोयंडा निखळलेला. रेक्टरबाईंना दोनदा सांगून झालं. शेवटी तिनं बाजारातून नवीन कडी-कोयंडा आणला आणि खोलीतल्या मुलींनी मिळून बसवला. दुकानदाराची पावती ठेवली आहे, कॉलेजकडून पैसे मागणार म्हणते.

मी इथे थांबते. आता तुम्ही बोला.